वर्गात मोबाईल आणू नये, आणि विसरूही नये

चाकूरच्या ज्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो, तिथे आत शिरताच डाव्या हाताला दोन फलक आहेत. पहिला जुना, पत्र्याचा, लाल अक्षरांतला: 'आवारात मोबाईल वापरण्यास सक्त मनाई आहे. जप्त केलेला मोबाईल पालकांच्याच हाती दिला जाईल.' दुसरा नवा, फ्लेक्सचा. त्यावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन आणि खाली सूचना: 'हजेरीसाठी मोबाईलने क्यूआर कोड स्कॅन करावा.' दोन्हींच्या खाली 'आदेशावरून, प्राचार्य' असंच लिहिलंय. मधल्या काळात प्राचार्य तेवढे बदलले. पोरं शहाणी आहेत, दोन्ही आदेशांचा मान राखतात. पत्र्यासमोर मोबाईल खिशात घालतात आणि तीन पावलं पुढे आल्यावर फ्लेक्ससमोर बाहेर काढतात.

'विद्यापीठीय अध्यापनात मोबाईल शिक्षणाचा स्वीकार' या विषयावर हल्ली चर्चासत्रं होतात. विषय ऐकून असं वाटतं, की मोबाईल बिचारा हात जोडून दारात उभा आहे आणि विद्यापीठ आतून विचारतंय, 'कोण पाहिजे?' प्रत्यक्षात तो पाहुणा मागच्या दाराने आत आलाय, जेवलाय आणि बाजेवर घोरत पडलाय. चर्चासत्रात बोलणारे वक्ते व्यासपीठावर मांडीआड मोबाईलच बघत असतात आणि श्रोते तर उघडच बघतात. स्वीकार म्हणतात तो आणखी कसा असतो?

पडद्यावरून शिकवायची हौस आपल्याकडे जुनी आहे. 15 ऑगस्ट 1984 ला विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' सुरू केलं. विषय चांगले, चित्रण नेटकं, भाषा इंग्रजी आणि वेळ भर दुपारची. त्या वेळेला पोरगं रानात, टीव्ही घरात आणि अँटेना माळवदावर. 'आलं का?' 'आलं, आलं... गेलं!' एवढाच काय तो संवाद मराठीत व्हायचा. पुढे 20 सप्टेंबर 2004 ला आपण निव्वळ शिक्षणासाठी एज्युसॅट नावाचा उपग्रहच आकाशात सोडला. ऑक्टोबर 2011 मध्ये तर खुद्द 'आकाश'च जमिनीवर आणलं. सव्वादोन हजारांच्या आसपास किमतीचा हा टॅब्लेट सवलतीत विद्यार्थ्यांच्या हाती जायचा होता. त्याच्या पडद्यावर बोट टेकवून भागत नसे, चांगलं दाबावं लागे. थोडक्यात, उपग्रह वर गेला, आकाश खाली आलं आणि मधल्या मध्ये आम्ही खडूनेच लिहीत राहिलो.

खरा बदल झाला 5 सप्टेंबर 2016 ला. तारीख नीट बघा, शिक्षकदिन आहे. आम्ही गुलाबपुष्पं स्वीकारण्यात गुंतलो होतो तेव्हा जिओ बाजारात आलं आणि डिसेंबरअखेरपर्यंत डेटा फुकट म्हणून जाहीर झालं. आमच्या लातूर जिल्ह्यासाठी ते वर्षच अजब होतं. एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर आलं. सप्टेंबरात इंटरनेट आलं. एकाच वर्षात पाणी मोजून मिळालं आणि डेटा न मोजता. सिमकार्डाची रांग बघून एक म्हातारे गृहस्थ सवयीने घागर घेऊन उभे राहिले होते म्हणतात. खरं-खोटं सिमकार्डवाल्यालाच माहीत.

आमच्या भागात शिकण्याचं माध्यम बदलण्याची कुणाला धास्ती नसते. आजोबा निजामाच्या राज्यात उर्दू माध्यमातून शिकले, वडील मराठी माध्यमातून आणि नातू यूट्यूब माध्यमातून शिकतोय. जिओ आल्याच्या पुढच्याच वर्षी, 9 जुलै 2017 ला, केंद्र सरकारने 'स्वयम' सुरू केलं. व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वतःची परीक्षा स्वतः घ्यायची सोय आणि चर्चेची जागा, असं सगळं एका ठिकाणी आणि शिकवायला आयआयटीपर्यंतचे प्राध्यापक. आमच्या बीएच्या एका मुलाने त्यातल्या एका सरांचं व्याख्यान दीडपट वेगाने ऐकलं आणि मग माझ्या तासाला येऊन बसला. थोड्या वेळाने बघतो तर त्याचं बोट बाकावर सावकाश डावीकडून उजवीकडे सरकतंय. मी पुढे ढकलला जातो का, याचा अंदाज घेत होता.

अशा ऑनलाइन अभ्यासक्रमांना नाव घालणारे शंभर असले, तर शेवटपर्यंत पोचणारे जगभरात दहाच्या आत-बाहेर असतात. आमचं गाव त्याला अपवाद नाही. त्यातून जो टिकतो त्याला प्रमाणपत्रासाठी ठरलेल्या केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. म्हणजे शिकायचं मोबाईलवर, कधीही, कुठेही, आणि परीक्षेच्या दिवशी पहाटे उठून एसटी गाठायची. आमच्याकडे 'कुठेही' या सोयीत एसटीचं वेळापत्रक धरलेलं असतं.

मार्च 2020 च्या टाळेबंदीने सगळ्यांनाच मोबाईलवर आणून बसवलं. त्या काळातले विनोद आता शिळे झालेत, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑनलाइन वर्गात विद्यार्थ्यांची नावं दिसायची ती त्यांची नसायची. कुणी मामाच्या नावाने यायचा, कुणी वहिनीच्या. एकाचं नाव नुसतंच 'ओप्पो ए फाइव्ह एस'. तो माझा सगळ्यांत नियमित विद्यार्थी होता. वेळेवर यायचा, शेवटपर्यंत थांबायचा, कधी उलट बोलला नाही. मी हजेरीपत्रकात त्याला शेवटचा क्रमांक देऊन टाकला. अजून आमची भेट नाही.

माइक बंद करायची कला कुणालाच अवगत नव्हती. मी रझाकारांवर बोलत असताना मागून एक भारदस्त आवाज आला, "कुणासंगं बोललालास रे? म्हशीला पाणी दाव."

"सर शिकवलालेत."

"मग त्यास्नी थांबा म्हण की जरा."

मी थांबलो. म्हैस पाणी पिऊन झाल्यावर रझाकार पुन्हा सुरू केले. चाकूरची माणसं कॅमेऱ्याला भीत नाहीत, त्यालाही परंपरा आहे. इथलेच शिवराज पाटील चाकूरकर 1991 ते 1996 लोकसभेचे अध्यक्ष होते आणि त्यांच्याच काळात सभागृहातलं प्रश्नोत्तर देशाला टीव्हीवर थेट दिसू लागलं. फरक एवढाच, की तिथे अध्यक्ष 'बसा' म्हणाले की सदस्य निदान ऐकल्यासारखं करायचे. माझ्या वर्गात कोण बसलंय आणि कोण ट्रॅक्टर चालवतंय, हे कळायला मार्गच नव्हता. टाळेबंदीच्याच वर्षी ऑक्टोबरात राज्यात अंतिम वर्षाच्या परीक्षा पर्याय निवडायच्या झाल्या, बऱ्याच ठिकाणी मोबाईलवरून. निकाल असे लागले, की काही घरांत पेढे आणण्याआधी चौकशी झाली.

कॉलेजं उघडली, म्हशी आपापल्या ठिकाणी गेल्या आणि मागे उरली ती पीडीएफ. पूर्वी आमच्या नोट्सचा एक ठरलेला प्रवास असायचा. सरांच्या पिवळ्या पडलेल्या वहीतून सरांच्या तोंडात, तोंडातून पोरांच्या वहीत, वहीतून झेरॉक्सच्या दुकानात आणि दुकानातून परीक्षेच्या आदल्या रात्री उशाखाली. आता वहीचा थेट फोटो निघतो आणि ग्रुपवर पडतो. डोकं पूर्वीही या मार्गावर नव्हतं, आताही नाही, पण वेळेची बचत झाली. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यांची वही स्कॅनर ॲपमध्ये घातली. ॲप हुशार निघालं. त्याने कागदाचा पिवळेपणा आपोआप काढून पांढरं केलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्या नोट्स नव्या दिसल्या आणि सरांना 'अभ्यासक्रम अद्ययावत केल्याबद्दल' प्रशस्तिपत्र मिळालं.

विद्यार्थ्यांनीही आपल्या बाजूने कसूर केली नाही. झेरॉक्स काढली की अभ्यास झाला, ही जुनी श्रद्धा होती. आता डाउनलोड झालं की होतो. माझी 'हैदराबाद मुक्तिसंग्राम' ही पीडीएफ सबंध वर्गाच्या मोबाईलमध्ये आहे. तिच्यावर आलेला एकमेव प्रतिसाद म्हणजे एक अंगठा. तोही चुकून लागला असावा, कारण दुसऱ्या दिवशी काढून घेतलेला होता.

नव्या शैक्षणिक धोरणाने मात्र मोबाईलला खरोखरच अनिवार्य केलं. 2024-25 पासून आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांतही ते आलं. आता पहिल्या वर्षाच्या मुलाला मेजर आहे, मायनर पुढे वाट बघतोय, शिवाय ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस आणि सीसी. "कोणते विषय घेतलेस?" असं विचारलं की पोरगं डोकं खाजवत नाही, मोबाईल काढतं. तोंडपाठ सांगणारा एकही विद्यार्थी मला भेटलेला नाही. प्राध्यापकही भेटलेला नाही. श्रेयांक साठवायला 29 जुलै 2021 पासून एक बँक आहे, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. तिचं खातं उघडायला आधार लागतं, आधारला ओटीपी लागतो आणि ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरावर.

इथे खरी प्रवेशपरीक्षा सुरू होते. जोडलेला नंबर बापाचा असतो. बाप रानात असतो. मोबाईल लिंबाच्या झाडाला अडकवलेल्या पिशवीत असतो. पोरगं ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून फोन लावतं, "आबा, मेसेज आलाय का बघा, सहा आकडी." आबा सांगतात, "बँकेचा आलाय, लोन पाहिजे का म्हनून." तो नव्हे, दुसरा. दुसरा सापडेपर्यंत मुदत संपलेली असते. पुन्हा पाठवा. आबांना टीव्हीवर सांगितलेलं असतं, की ओटीपी कुणालाही सांगू नये. ते पोटच्या पोरालाही सांगत नाहीत. "कुठून बोललालास तू? घरी ये, तोंडावर सांगतो." मोबाईल शिक्षणातलं सगळ्यात पक्कं शिक्षण या आबांचं झालेलं आहे, असं माझं मत आहे. सायबर सुरक्षेचे सगळे श्रेयांक त्यांच्याच खात्यावर टाकायला हवेत.

महाविद्यालयाला दर्जा ठरवणाऱ्या नॅकचीही काळजी असते. तिथे अध्यापनात तंत्रज्ञान वापरल्याचा पुरावा लागतो आणि पुरावा म्हणजे जिओटॅग फोटो, ज्याच्या कोपऱ्यात नकाशा, तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटतात. त्यासाठी आमच्याकडे एक समिती आहे. समन्वयक आहेत, त्यांना सगळे समन्वयकच म्हणतात, नाव मागे पडलंय. सुरुवातीला फोटो असे यायचे, की वीस मुलं मोबाईलमध्ये डोकं घालून बसलीत. समन्वयक म्हणाले, "हे शिकताना वाटत नाहीत." तेव्हापासून फोटो काढताना मुलांना मोबाईल हातात धरून फळ्याकडे बघायला सांगतात. नीट विचार केला तर असं कुणीच करत नाही. पण फोटो चांगला येतो.

घराघरांत वेगळाच गोंधळ चालतो. आया भेटतात, म्हणतात, "सर, लेकरू दिसभर मोबाईलच बघलालंय, काय तर सांगा त्येला." मी लेकराला विचारतो. ते म्हणतं, "अभ्यास करलालो, तुम्हीच टाकलाव की पीडीएफ." आता यावर काय बोलणार? पूर्वी पोरगं पुस्तकात तोंड घालून झोपलेलं असलं तरी आईला ते अभ्यास करताना दिसायचं आणि समाधान व्हायचं. आता खरोखर अभ्यास करत असलं तरी वाया गेल्यासारखंच दिसतं.

आणि ते खरोखर करतात, हे मला सकाळी फिरायला जातो तेव्हा कळतं. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे वर्दीचं आकर्षण इथल्या हवेतच आहे. उजाडायच्या आधी रस्त्याला भरतीची पोरं-पोरी धावतात. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. दंडाला नाही तर मुठीत मोबाईल, कानात वायर. वाटायचं गाणी ऐकतात. एकदा एक जण धापा टाकत थांबला आणि वायर निसटून आवाज बाहेर आला, तर कुणीतरी महाराष्ट्रातल्या नद्यांची नावं उगमासकट सांगत होतं. गोदावरी त्र्यंबकेश्वर, भीमा भीमाशंकर, कृष्णा महाबळेश्वर. पोरगं उगमापासून धावत आलेलं. दमलेल्या त्या पोराला मी मांजरा विचारली. "बीड जिल्हा, पाटोदा तालुका, गवळवाडी," असं सांगून पुन्हा पळालं. माझ्या वर्गात हाच मुलगा खिडकीशेजारी बसतो आणि प्रश्न विचारला की खिडकीकडे बघतो.

हे मोबाईल शिक्षण कुठल्याच समितीने सुरू केलेलं नाही. आवाज रेकॉर्ड करणारा गावातलाच एक मागच्या भरतीत थोडक्यात राहिलेला पोरगा आहे. पीडीएफ नाही, लॉगिन नाही, प्रमाणपत्र नाही. धावणाऱ्याचे डोळे रस्त्यावर हवेत आणि कान रिकामे असतात, एवढंच त्याने बघितलं. फार मोठ्या ठिकाणीही शहाणी माणसं अशीच सुरुवात करतात. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया विद्यापीठाकडे 2002 च्या सुमाराला खेड्यापाड्यांतले शिक्षक टपालाने शिकत होते. त्यांच्याजवळ संगणक नव्हते, ईमेल नव्हते, पण साधे मोबाईल जवळजवळ सगळ्यांकडे होते. विद्यापीठाने ॲप काढलं नाही. एसएमएस पाठवले: नोंदणीची तारीख अमुक, तुमचं पुस्तकांचं पार्सल पोस्टात येऊन पडलंय, घेऊन जा. लोक जाऊन घेऊन येऊ लागले. आपल्याकडे असा प्रस्ताव कुणी मांडला तर पहिला प्रश्न येईल, यात नावीन्य काय? आणि दुसरा, जिओटॅग कुठे काढायचा?

हे सगळं आठवायचं कारण सोयाबीन. आमच्या द्वितीय वर्षाच्या ग्रुपचं नाव 'अधिकृत' असं कंसात लिहिलेलं आहे आणि नियम पहिल्याच दिवशी टाकलेत: विषयाबाहेरचा मजकूर टाकू नये, शुभ सकाळ म्हणू नये. तरीही ऑगस्टातल्या एका सकाळी सातच्या सुमाराला एका पोराने सोयाबीनच्या पानाचा फोटो टाकला. "सर पान पिवळं पडलालंय काय असंल." चिन्ह नाही, विराम नाही. ग्रुप इतिहासाचा, पण समितीमुळे वनस्पतिशास्त्राचे सरही त्यात होते. एरवी ते कधी काही लिहीत नाहीत. त्यांनी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, "शिरा हिरव्या आहेत की पिवळ्या? शेंड्याचं पान आहे की खालचं? जवळून फोटो टाक."

आणि वर्ग भरला. कुणी न सांगता. जवळचा फोटो आला. दुसरा म्हणाला, येलो मोझॅक हाय, उपटून टाक. तिसरा म्हणाला, लोह कमी पडलंय, आमच्या चुनखडीच्या रानात दर साली होतं. सर म्हणाले, फरक कसा ओळखाल? मग एकीने लिहिलं, की लोह कमी पडलं तर शिरा हिरव्या राहतात आणि मधलं पान पिवळं होतं, नव्या पानावर आधी दिसतं. मोझॅकमध्ये हिरवे-पिवळे ठिपके वेडेवाकडे येतात. सर म्हणाले, बरोबर, आता पान उलटं करून बघा, पांढरी माशी आहे का, मोझॅकचा विषाणू तीच पसरवते. त्यावर पोरं आपापल्या रानात गेली. चापोलीहून फोटो आला, नळेगावहून आला, वडवळ नागनाथहून आला. मध्येच एक आवाजी संदेश आला, "सर राम राम, मी त्येचा बाप बोललालोय. माशी हाय, मग फवारनी करू का उपटू?" दोघांची शास्त्रशुद्ध चर्चा झाली. आधी बाधित झाडं उपटून बांधाबाहेर नेऊन पुरा, मग फवारणीचं बघा, असं ठरलं. ग्रुपच्या स्थापनेपासून झालेल्या सगळ्या संदेशांपेक्षा त्या दोन तासांतले संदेश जास्त असावेत. मला मत द्यायचं होतं, पण माझ्या विषयात पांढरी माशी नाही.

नऊ वाजता समन्वयक जागे झाले. "ग्रुपचं पावित्र्य राखावे," असं लिहून त्यांनी सगळं खोडून टाकलं आणि यापुढे फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतील अशी तजवीज केली. ग्रुपवर पुन्हा निर्मळ शांतता पसरली आणि त्या शांततेत त्यांनी एक पीडीएफ सोडली.

नोव्हेंबरात वार्षिक अहवालाचा नमुना आला. त्यात एक रकाना होता: 'मोबाईलच्या साहाय्याने झालेले विद्यार्थीकेंद्री अध्ययन, एक उदाहरण, पुराव्यासह.' समन्वयक सगळ्या विभागांत फिरले. कुणाकडे उदाहरण नव्हतं. शेवटी शिपाईमामांनीच आठवण करून दिली, "सर, ते सोयाबीनचं न्हाई का?" त्यांचं पोरगंही त्याच ग्रुपमध्ये. मजकूर खोडलेला, पण पोरांनी स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. ते मिळाले, रकाना भरला, शीर्षक इंग्रजीतून दिलं, राहिला तो जिओटॅग फोटो. वनस्पतिशास्त्राच्या सरांना आणि पाच मुलांना घेऊन समन्वयक जवळच्या रानात गेले. सोयाबीनची रास होऊन, पोती आडत्याकडे जाऊन महिना झाला होता. रानात तूर उभी होती. समन्वयकांनी तुरीची फांदी वाकवली आणि म्हणाले, "धरा सर."

सर म्हणाले, "अहो, ही तूर आहे. त्यात निरोगी आहे."

"सर, पान कोण बघतंय? अक्षांश-रेखांश नीट येऊ द्या."